मायच्या पोस्टमधली पोरगी

ज्या पोरीबद्दल हे लिहून राहिले, तिला आधी विचारलं. ती म्हणली, लिहा ताई, पण मी ओळखू येऊ नये. म्हणून नावं कुणाचीच नाहीत. तिचं नाही, गावाचं नाही, माझ्या मायचं नाही. गाव इस्लापूरच्या बाजूला कुठंतरी आहे, एवढं धरा. एक-दोन गोष्टी मी मुद्दाम इकडच्या तिकडं केल्यात, कोणत्या ते विचारू नका. बाकी जसं झालं तसं सांगते, आणि भरभर सांगते, कारण हळू सांगायला बसले की मधेच थांबते आणि मग पुढं जात नाही.

माझी माय सरपंच आहे. जागा आमच्या समाजासाठी आणि त्यातही बाईसाठी सुटली तेव्हा विहारात बैठक झाली, आणि सगळ्यांनी तिच्याकडंच बोट केलं. बचत गट तिनंच चालवला होता. कुणाशीही भांडायची आणि भांडून झालं की त्याच्याच घरी चहा प्यायची. बाप तेवढा कुरकुरला.

"सही तरी येते का तुला?"

माय म्हणली, "येते. तुमची लागणार न्हाई."

आमच्याकडं बाई सरपंच झाली की तिचा नवराच सगळीकडं मिरवतो, लोक त्यालाच सरपंचसाहेब म्हणतात आणि बाई घरी भाकरी थापते. माझ्या बापाला कुणी साहेब म्हणलं नाही. मला याचा लई अभिमान होता.

फोन तिला मी शिकवला. मी तेव्हा नांदेडला बी.ए. करत होते, सुट्टीत घरी आले की आम्ही दोघी ओसरीवर फोन घेऊन बसायचो. टाईप करायला तिला वेळ लागायचा म्हणून ती बोलूनच पाठवायची. "नमस्कार, मी तुमची सरपंच बोलून राहिले. मोटार जळाली, उद्या नळ येणार न्हाई. आडावर भांडू नका, सगळ्याला पुरते." गावाच्या ग्रुपवर तिचा आवाज आला की टेकडीवर, आमचं घर सोडलं तर जिथं रेंज येते तिथं, पोरं स्पीकरवर लावायची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळायचं. मी फेसबुकला तिचं पेज काढून दिलं, नावाच्या पुढं सरपंच लावलं. पहिल्या दिवशी तिनं ते शंभरदा उघडून बघितलं असेल.

पण फोटोची सवय मी लावली नाही. ती कामानं लावली. घरकुल आलं की पायाचा फोटो, भिंतीचा फोटो, स्लॅबचा फोटो, आणि प्रत्येक फोटोत घरमालक समोर उभा पाहिजे. संडास बांधला की दाराशी माणूस उभा करून फोटो. एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "बाई, दारापाशी नुसतं उभं राहू का बसून दाखवू?" माय हसत बसली, फोटो हलला, परत काढावा लागला.

ग्रामसेवक तिला सारखं सांगायचे, "ताई, फोटो, पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, खाली आपला नंबर. एवढं असलं की तुमचं काम कुणी नाकारत नाही." एकदा नालीचं काम झालं, पण काम सुरू व्हायच्या आधीचा फोटो कुणी काढलाच नव्हता. वरच्या ऑफिसनं काम झालंच नाही म्हणून कागद परत पाठवले. नाली दारासमोर वाहून राहिली आणि कागदावर नाही. तेव्हापासून मायच्या डोक्यात बसलं, फोटो नाही तर काम नाही. एक आधीचा, एक नंतरचा.

आता त्या पोरीचं सांगते.

मागच्या आळीत तिचं घर. कापूस-सोयाबीन करणारे दोन भाऊ, एकत्र खटलं, आणि घरात शब्द चालतो तो थोरल्याचा, म्हणजे तिच्या मोठ्या बापाचा. पोरगी दहावीला गावात पहिली आली. तिला नर्स व्हायचं होतं. वॉर्डात गोळ्या वाटते ती नाही, ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टरच्या बाजूला उभी राहते ती, असं ती समजावून सांगायची. त्यासाठी सायन्स, सायन्ससाठी किनवट, आणि किनवटला म्हणजे हॉस्टेल. मोठा बाप नको म्हणत होता. माय जाऊन त्यांच्या अंगणात बसली. चहा आला, थंड झाला, तरी उठली नाही. शेवटी तो म्हणला, "तुमच्या शब्दावर पाठवून राहिलो, सरपंचीण बाई. काही कमीजास्त झालं तर त्याच दिवशी परत आणीन."

माय म्हणली, "पाठवा माझ्या शब्दावर."

म्हणजे त्या पोरीचं सगळं शिक्षण या एवढ्यावर टिकून होतं. हे तिलाही माहीत होतं. हॉस्टेलवरून घरी यायची तेव्हा वाटेत कुणाशी बोलायची पण नाही.

मी तोवर लातूरला आले होते, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला. दिवसभर अभ्यासिका, संध्याकाळी मेस. एका शनिवारी मेसमध्ये माझी रूम पार्टनर, औशाकडची आहे, तिनं ताटावरून माझ्यापुढं फोन सरकवला. "ए, तुमच्या तालुक्यातली पोरगी हरवली बघ."

मी बघितलं तर तीच. दहावीच्या सत्काराचा फोटो, कापून मोठा केलेला. कोपऱ्यात गुच्छ देणारा एक हात राहिला होता, हिरव्या बांगड्या, तो माझ्या मायचा हात. खाली सगळं होतं. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, वय, कोणत्या हॉस्टेलला राहते, अंगात कोणत्या रंगाचा ड्रेस. त्याच्याखाली मायचा नंबर. आणि शेवटी, जास्तीत जास्त शेअर करा.

घरकुलाचा फोटो पाठवतात ना, अगदी तसं.

मी जेवण सोडून बाहेर आले आणि मायला फोन लावला. बिझी. परत लावला, बिझी. अख्खा जिल्हा तिला फोन लावत होता. लागला तेव्हा तिचा आवाज बसला होता.

"माय, पोलिसात सांगितलं का?"

"सांगितलं. पोलीस पाटील गेलेत. जमादार म्हणले फोटो पाठवा, म्या पाठवला. मग म्हणलं एका जमादारानं काय होते, सगळ्यालाच पाठवावं."

"हॉस्टेलला विचारलं?"

"दुपारच्या गाडीनं निघाली म्हणले. सही करून निघाली. घरी आलीच न्हाई."

"आणि तिचं सगळं नाव-गाव कामून टाकलं गं?"

"मग बिननावाची पोरगी कोण शोधते, बाई?"

मी म्हणलं, "तारीख तरी टाकायची."

"कशाची तारीख? आजच तर हरवली."

हे वाक्य माझ्या डोक्यातून आजपर्यंत गेलेलं नाही.

त्या संध्याकाळी ती पोस्ट माझ्याकडं कुठून कुठून आली. अभ्यासिकेच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या ग्रुपवर, मावसभावाच्या ऑफिसच्या ग्रुपवर. कुणी हात जोडलेले टाकले होते, कुणी रडका चेहरा. सगळे चांगल्या मनानंच पाठवत होते, तेच तर वाईट आहे. कुणावर चिडावं ते कळेना.

पोरीचं झालं होतं ते एवढंच. अंगात ताप होता. हॉस्टेलच्या बाईंनी गोळी दिली, गोळीनं झोप आली. गाडीत बसल्या बसल्या झोपली ती उतरायचं स्टेशन, सहस्रकुंड, मागं गेलं तरी उठली नाही. जाग आली तेव्हा भोकर यायला आलं होतं आणि परतीची गाडी नव्हती. डब्यात समोर एक अंगणवाडीच्या ताई होत्या, भोकरच्याच. त्या म्हणल्या, चल माझ्या घरी, सकाळी सोडते. तिला बापाचाच नंबर पाठ होता, आणि बापाचा फोन टेकडीवर गेल्याशिवाय लागत नाही. त्या ताईंनी लावून लावून बघितला. खिचडी खाऊ घातली, आपल्या पोरीजवळ झोपवलं. सकाळी दोघी भोकरच्या स्टँडवर बसची वाट बघत होत्या, तेव्हा ताईंच्या पोरानं घरून फोन केला, की आई, ही पोरगी तर मोबाईलवर आहे. मग त्यांनी पोस्टवरचा मायचा नंबर लावला.

माय अजूनही कधीकधी म्हणते, पोस्टमुळंच कळलं ना. पण बस तर येणारच होती.

पोरगी गावात उतरली तेव्हा अर्धं गाव फाट्यावर. मायनं काय करावं? आमच्याकडं चांगलं काही झालं की नारळ आणि साडी. तिनं त्या अंगणवाडीच्या ताईंचा सत्कार केला, पंचायतीसमोर, सगळ्यांच्या देखत. मनापासून केला. एका बाजूला ताई, एका बाजूला पोरीचा बाप, मधे पोरगी, बाजूला माय. पोरगी खाली बघून राहिली होती. तो फोटो मायनं पेजवर टाकला. मुलगी सुखरूप घरी आली, सर्वांचे आभार. आणि आधीची पोस्ट तशीच खाली. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. काम पूर्ण.

मला लगेच फोन केला. "बघितलं का? किती लोकाइनं लाईक केलं?"

मी बघितलं होतं. मी कमेंटही बघितल्या होत्या.

"माय, ते काढ."

"कामून? चांगली बातमी हाय."

"खाली काय लिहिलं ते वाच."

तिनं फोन चालूच ठेवला आणि वाचायला लागली. ती एकेका अक्षराखाली बोट धरून वाचते, मोठ्यानं वाचते. "रात्र... भर... कुठं... होती." मग थांबली. "को... णा... सोबत." मग मोठ्यानं वाचणं बंद झालं. शेवटी म्हणली, "हा तर आपल्याच गावचा हाय गं. ह्याच्या घरकुलाचा फोटो म्या काढला."

तिनं दोन्ही पोस्ट काढून टाकल्या. तोवर व्हायचं ते झालं होतं. तालुक्यातल्या कुणीतरी दोन्ही फोटो घेऊन रील बनवलं होतं, मधे बाण, मागं रडकं गाणं, वर लिहिलेलं, बेपत्ता तरुणी अखेर सापडली. तरुणी. दहावी होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. ते बनवणारं पोरगं इस्लापूरला पानठेल्यावर बसतं हे मायनं शोधून काढलं आणि एसटीनं त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो म्हणला, "ताई, व्ह्यूज लई चालू हायत, दोन दिवस राहू द्या की." माय म्हणली, "तुझ्या बहिणीचा टाक, मग मी पण म्हणते राहू दे." त्यानं तिच्यासमोर डिलीट केलं. पण त्याच्यावरून उतरवून घेतलेले किती होते ते त्यालाही माहीत नव्हतं. मला तर मायनं शोधून शोधून ग्रुपचे अॅडमिन गाठायला लावले. मी लातूरला बसून अनोळखी लोकांना मेसेज टाकत होते, कृपया काढून टाका, मुलगी सापडली आहे. एकानं उलट विचारलं, सापडली याचा फोटो आहे का?

पुढच्या आठवड्यात मी गावाकडं गेले. मोठा बाप आमच्या अंगणात आला तेव्हा मी घरीच होते. मायनं खुर्ची दिली, तो बसला नाही.

"सरपंचीण बाई, तुमचा शब्द होता."

"पोरीचं काही चुकलं न्हाई, भाऊ."

"म्या कुठं म्हणलं चुकलं? तिचं चुकलं न्हाई, गाडीचं चुकलं न्हाई, त्या भोकरच्या बाईचे तर पाय धरावे. पण आदिलाबादहून पाव्हण्याचा फोन येऊन राहिला. तुमच्या घरची पळाली म्हणे. मी एकाला सांगीन, दोघाला सांगीन. मोबाईलला कोण सांगते?"

"तिला शिकू द्या. मी पाया पडते तुमच्या."

"तुम्ही पाया पडू नका, तुम्ही सरपंच हाव."

मायला वाटलं तो लग्नाचं बोलेल. ती घाईनं म्हणली, "अन लग्नाचा विषय काढू नका, सांगून ठेवते. पोरगी लहान हाय. मला थांबवावं लागते, तो कायदा हाय."

तो वळला होता, थांबला. आवाज चढवला नाही. "थांबवा की. अन त्याचा पण फोटो टाका."

बाप आतून हे सगळं ऐकत होता. तो गेल्यावर बाप बाहेर आला आणि खुर्ची उचलून आत घेऊन गेला.

एवढं होऊनही पोरगी हॉस्टेलला परत गेली होती. तिच्या बापानं थोरल्या भावाशी पहिल्यांदा भांडून तिला पाठवलं. हॉस्टेलच्या बाई चांगल्या होत्या, तिला काही बोलल्या नाहीत. पण पोरींनी तिचं नाव ठेवलं, व्हायरल. जेवायला बसली की, ए व्हायरल, मीठ दे. वाईट मनानं नसेल, त्या वयात असंच बोलतो आपण. मग एका पोरीचे आईबाप आले आणि त्यांनी बाईंना विचारलं, ती कोणती हो, मोबाईलवरची? ती तिथंच उभी होती. त्याच शनिवारी ती घरी आली, पेटी घेऊन. मोठ्या बापानं तिला आणायला जायची गरजच पडली नाही. नंतर तिला लातूरकडं, किल्लारीच्या बाजूला मावशीकडं पाठवून दिलं. तिकडं कुणी ओळखत नाही म्हणून.

मायचं नंतरचं थोडं सांगते, कारण सगळे तिलाच बोलतात आणि ती बदलली हे कुणी बघत नाही.

तिनं नंबर बदलला नाही. मी किती सांगितलं. ती म्हणली, त्या पोस्टवर माझा नंबर हाय, लोक फोन करतेत, मी उचलला न्हाई तर ते समजतील अजून हरवलेलीच हाय. परभणीहून, नागपूरहून, कुठून कुठून फोन यायचे, अजून येतात. पोस्टवर तारीख नाही ना. ज्याला आज मिळाली त्याला ती आजच हरवली. माय भाकरी तव्यावर सोडून उचलते. "सापडली, दादा. कवाच सापडली. तेवढा फोटो काढून टाका." हैदराबादहून कुणीतरी केला होता, त्याला म्हणली, "मिल गई बाबा, घर को आ गई. फोटो मिटा देव, किसी को भेजो नक्को." तो भला माणूस होता, दोनदा माफी मागितली त्यानं. त्याचं काय चुकलं होतं?

ग्रुपवर आता ती कुणाचा चेहरा टाकत नाही. घरकुलाचे फोटो ऑफिसला जातात, ग्रुपवर फक्त तिचा आवाज जातो, अमक्या आळीचं काम झालं, जाऊन बघा. शाळेत खाऊ वाटला तरी पोरांचा फोटो नाही. ग्रुपवर कुणी कुणाच्या घरचं टाकलं तर आधी फोन करून विचारते, त्या घरच्याला विचारलं का? याचा उलटाच परिणाम झालाय. समोरच्या पॅनलवाले रोज फोटो टाकतात, बोअरच्या पाण्याला हात लावतानाचा, म्हाताऱ्या बाईला चष्मा घालतानाचा. लोक मायला तोंडावर म्हणतात, "बाई, तुम्ही काम करायचं सोडलं काय? दिसत न्हाई कुठं." पुढच्या वेळेस ती निवडून येणार नाही, हे मला दिसतंय. तिलाही दिसतंय.

किनवटला सगळ्या सरपंचांचं एक प्रशिक्षण होतं, लोकप्रतिनिधी आणि सोशल मीडिया. मी तिच्यासोबत गेले होते. बाहेरून आलेले सर पडद्यावर दाखवत होते. रोज एक पोस्ट. लाभार्थ्यासोबत फोटो. चेहरा दिसला पाहिजे, चेहऱ्यानं लोक जोडले जातात. माझ्या बाजूला माय वहीवर बोटानं रेघा ओढत होती. सरांनी विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का? ती उठली. मला वाटलं आता सांगते.

ती म्हणली, "साहेब, टाकायच्या आधी त्या माणसाला विचारावं. लहान पोरीबाळीचा तर टाकूच नये, नाव तर अजिबातच न्हाई. कुणी हरवलं तर पोलिसाला सांगावं, त्यांनी म्हणलं टाका तरच टाकावं, तारीख घालून टाकावं. अन आपण काढून टाकलं म्हणजे ते गेलं, असं समजू नये."

मागून एक सरपंच म्हणला, "अक्का, मग मतं काय देव देईल?" सगळे हसले. सर पण थोडे हसले. मग चांगल्या आवाजात म्हणले, "ताई, अनुभव दिसतोय तुमचा. सांगा ना, काय झालं होतं?"

माय उभीच होती. मी तिच्याकडं बघत होते. तिच्या तोंडावर आलेलं मला दिसत होतं, आणि सांगितलं असतं तर ते हसणारे गप्प झाले असते, हेही मला कळत होतं. पण खोलीत सगळ्यांच्या हातात फोन होते. दोघं-तिघं तर तिचा व्हिडिओ काढून राहिले होते.

"काही न्हाई," ती म्हणली आणि खाली बसली.

परत येताना बसमध्ये मी तिला विचारलं, कामून नाही सांगितलं? ती म्हणली, "सांगितलं असतं तर परत तिचीच गोष्ट झाली असती ना. माझं गाव त्याइला माहीत हाय." मग खिडकीतून बघत राहिली.

गेल्या महिन्यात मी त्या पोरीला भेटायला गेले. लातूरहून किल्लारीला बस, पुढं जीप. तिची मावशी शिलाई करते, दारातच मशीन. पोरगी अंगणात धान्य निवडत होती आणि अंगणातच तोंडाला ओढणी बांधलेली, गाडीवर पोरी बांधतात ना तशी, नुसते डोळे. मावशी म्हणली, "आता तूच सांग तिला. घरात पण सोडत न्हाई. मागं इथल्या बायांच्या ग्रुपवर परत तीच पोस्ट आली, शेजारीण मोबाईल घेऊन दारात, म्हणे हीच का ती? तवापासून असं हाय."

मी मोठ्या उत्साहानं गेले होते. सगळी माहिती काढून ठेवली होती. सायन्स आता अवघड होतं, पण बाहेरून बारावीला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, आर्ट्स घ्यायचं, आणि नर्सिंगचा एक कोर्स असा आहे की तो आर्ट्सवरही होतो. मी बोलत सुटले. मोठा बापही हो म्हणला होता, हे मायनं जाऊन, अंगणात बसून, परत चहा थंड करून मिळवलं होतं. मावशी मशीन थांबवून ऐकत होती. पोरीनं सूप खाली ठेवलं. डोळ्यांवरून कळत होतं, की ती ऐकून राहिली आहे. तिनं विचारलं सुद्धा, "ऑपरेशनच्या खोलीत घेतेत का त्याइला?" मी म्हणले, घेतात.

मग म्हणली, "काय काय लागते?"

"दहावीची मार्कशीट, आधार, दाखला. ऑनलाइन भरायचा आहे, मी लातूरहून भरते. तुझा एक फोटो अपलोड करावा लागेल."

"अपलोड?"

"हाव. पण तो फक्त बोर्डाला जातो गं. दुसऱ्या कुणाला दिसत नाही."

ती सुपातले खडे बाजूला करत होती. "सरपंच काकूनं पण पहिले जमादारालाच पाठवला होता, ताई."

मी समजावलं. मावशीनं समजावलं, मग चिडली, मग परत मशीन चालू केली. पोरीनं वाद घातला नाही. राहू द्या, एवढंच म्हणली, दोन-तीनदा म्हणली. पुढच्या वर्षी बघू का, असं मी विचारलं, तर मान हलवली, पण ती मान कशाची ते मला कळलं नाही. फॉर्मची तारीख आता निघून गेली.

जीपपर्यंत सोडायला आली. इकडं गल्ल्या सरळ आहेत, लांबूनही माणूस दिसतो, समोरून कुणी आलं की ती माझ्या पलीकडच्या बाजूला व्हायची. जीप भरायची होती म्हणून आम्ही उभ्या राहिलो. तिनं हॉस्टेलचं विचारलं.

"माझी कॉट कुणाला दिली?"

मायनं मला सांगितलं होतं, मांडवीकडची एक पोरगी आली म्हणून. मी तेच सांगितलं.

"तिला सांगा," ती म्हणली, "त्या बाजूची खिडकी नीट लागत न्हाई. पाऊस आला की पुस्तकं भिजतेत. उशाला ठेवू नको म्हणावं."

मी हो म्हणले. ड्रायव्हरनं हाक मारली, अजून एक सीट, अजून एक सीट. मी आत सरकले. काचेतून बघितलं तर ती परत निघाली होती, ओढणी नाकावर ओढून घेत, घरांच्या कडेकडेनं.